आइसमेकर ठणठणीत, पण बर्फ नाही

आमच्या फ्रीजमधला आइसमेकर (फ्रीझरमध्ये आपोआप बर्फ पाडणारं यंत्र) बंद पडायच्या आधी बरेच दिवस बर्फाचे खडे बारीक व्हायला लागले होते. म्हणजे आधी जो अर्धगोल जाडजूड तुकडा पडायचा त्याची पातळ फाक पडायला लागली, काही तुकडे तर आतून पोकळ, दाताखाली धरले की आतलं पाणी बाहेर. मग एके दिवशी बादलीत नवीन काही पडेचना. जुने खडे एकमेकांना चिकटून बसलेले, त्यांच्यावर पांढरी भुरभुर जमलेली, आणि वर आइसमेकर आपला गप्प. बाकी फ्रीज एकदम व्यवस्थित, खाली गार, वर फ्रीझर कडक, दारातल्या नळाला पिण्याचं पाणी येतंय. फक्त बर्फ नाही.

हे एवढं सविस्तर लिहितेय कारण या दुखण्यावर पहिला सल्ला मिळतो तो "आख्खा आइसमेकर बदलून टाका" हाच, आणि आमच्याकडे शेवटी जे निघालं ते आइसमेकरपासून चांगलं लांब, किचनच्या सिंकखाली होतं.

आधी हे यंत्र करतं काय ते सांगते, कारण ते डोक्यात बसलं की पुढचं शोधणं सोपं जातं. फ्रीजच्या मागे खालच्या बाजूला एक इलेक्ट्रिक व्हॉल्व्ह असतो, त्याला बाहेरून पाव इंची नळी जोडलेली असते. आइसमेकरने करंट सोडला की व्हॉल्व्ह उघडतो, साधारण सात-आठ सेकंद, तेवढ्यात पाणी नळीने वर चढून फ्रीझरच्या मागच्या भिंतीतून बाहेर आलेल्या छोट्या तोटीतून साच्यात पडतं. मग वाट बघायची. साच्याला चिकटून एक थर्मोस्टॅट असतो, साचा उणे ८-९ अंशांच्या आसपास गार झाला की त्याच्या लेखी बर्फ तयार. मग साच्याखालचा हीटर थोडा वेळ तापतो, बर्फाची कड सुटते, मोटरवर फिरणारे प्लॅस्टिकचे दात ते खडे ढकलून बादलीत पाडतात, आणि फेरी संपता संपता परत व्हॉल्व्ह उघडतो. अशी एक फेरी साधारण दीड-दोन तासांची. हा आमच्याकडचा प्रकार. दुसऱ्या प्रकारात प्लॅस्टिकचा ट्रे पिळून खडे पाडतात, तिथे हीटरची भानगड नसते. पण पाणी हवं, गारवा हवा आणि "आता पाड" हा इशारा हवा, हे दोन्हीकडे सारखंच.

यातली एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. आमच्यासारख्या साध्या आइसमेकरमध्ये पाणी मोजलं जात नाही, वेळ मोजली जाते. त्या सात-आठ सेकंदांत नळीतून जेवढं येईल तेवढं घ्यायचं, कमी आलं तर कमी, यंत्राला त्याचा पत्ताही लागत नाही.

तर सुरुवात अर्थात फुकटच्या गोष्टींपासून केली. पॅनलवर बर्फाचं बटण बंद झालंय का, कुणी लॉक लावलाय का ते बघितलं. दोन्ही ठीक. मग तार. या आइसमेकरला बाजूला एक तारेचा हात असतो, बादली भरली की खड्यांवर टेकून तो वर राहतो आणि यंत्र थांबतं, बादली रिकामी झाली की खाली येतो आणि यंत्र चालू. बहिणीचा मुलगा सुट्टीत राहायला आला होता, त्याच्या हातात टॉर्च दिला आणि आत डोकं घालून बघायला लावलं. "मावशी, तार वरच अडकलीय गं." खरंच एक चपटा खडा तारेच्या मागे फसलेला होता. तो काढला, तार खाली आली, आम्ही दोघं जिंकल्यासारखे खूश. दुसऱ्या दिवशी सकाळी बादली तशीच.

पण म्हणून तार बघणं फुकट गेलं असं नाही, बऱ्याच घरांत दुखणं तिथंच संपतं. बहिणीकडच्या फ्रीजला तार नाही, समोरासमोर दोन डोळे आहेत, एकातून न दिसणारा प्रकाश निघतो, दुसऱ्याने तो पकडायचा, मधे बर्फ आला की बादली भरली असं धरायचं. तिच्याकडे त्या डोळ्यांवर हिम धरलं होतं, कोरड्या फडक्याने पुसल्यावर चालू झालं. तिचं एवढ्यात निभावलं.

मग तापमान. लोक हे अंदाजाने बघतात आणि तिथं फसतं. फ्रीझरमधल्या वस्तू दगड झाल्यात म्हणजे गारवा पुरेसा आहे असं नसतं, उणे १० लाही वस्तू दगडच लागतात हाताला, पण आइसमेकरला ते पुरत नाही. फ्रीझर उणे १८ च्या आसपास पाहिजे. एक साधा फ्रीझरचा थर्मामीटर पाकिटांच्या मधे खुपसून रात्रभर ठेवला, सकाळी दार उघडल्या उघडल्या वाचला, उणे १८ च्या जरासा खालीच. मधेच दार उघडून वाचत बसू नका, आणि फ्रीजचं डीफ्रॉस्ट चालू असताना आकडा वर चढतो तेव्हा एकाच आकड्यावर जाऊ नका. आमचा तापमानाचा प्रश्न नव्हता. तो असता तर मागची कॉइल धुळीने माखलीय का, आतला पंखा फिरतोय का, दाराचं रबर नीट बसतंय का, ही सगळी वेगळीच गोष्ट झाली असती.

आता खरा मुद्दा. बादली बाहेर काढून साच्यात बोट घातलं. (फ्रीजचा प्लग काढून. साच्याखाली हीटर असतो आणि दात कधीही फिरू शकतात, उगाच शहाणपणा नको.) साचा कोरडा. ठणठणीत कोरडा.

माझ्या मते या सगळ्या प्रकारातली ही सगळ्यात कामाची तपासणी आहे आणि हिला ना पाना लागतो ना मीटर. साच्यात पाणी आहे पण ते गोठलंच नाहीये, तर गारव्याचं बघा. साच्यात बर्फ नीट तयार आहे पण पडत नाहीये, तर थर्मोस्टॅट, हीटर, मोटर यांपैकी कुणीतरी रुसलंय, तेव्हा आइसमेकर बदलायच्या गोष्टी करायला हरकत नाही. आणि साचा कोरडा असेल तर पाणी येतच नाहीये, आणि मग आइसमेकरवर संशय घ्यायच्या आधी पाण्याच्या मागे मागे जायचं, साच्यापासून उलटं, तोटी, नळी, व्हॉल्व्ह, फिल्टर, भिंतीतला कॉक. एवढं बघितल्याशिवाय कुणी आख्खं युनिट बदलायला सांगत असेल तर त्याला साच्यात बोट घालायला सांगा.

मेकॅनिक आला तो चांगला होता हे आधीच सांगते. त्याने काही न बोलता टॉर्च मारून मागची तोटी बघितली, तिच्यात काडी घालायचा प्रयत्न केला, जाईना. "मॅडम, ही नळीच गोठलीय बघा. आतमध्ये बर्फाची गुठळी बसलीय." मग हेअर ड्रायर कमी आचेवर, सतत हलवत, नळीच्या बाहेरून फिरवला, खाली टॉवेल पसरलेला, थोड्या वेळाने पेन्सिलएवढा लांब बर्फाचा दांडका सुळकन निघून आला. पाणी पडलं, संध्याकाळी बर्फ पडला. सगळे खूश.

हे घरी करायचं असेल तर ड्रायरपेक्षा मला कोमट पाणी जास्त सेफ वाटतं. प्लग काढायचा, खाली जाड टॉवेल, मोठ्या सिरिंजमध्ये कोमट पाणी घेऊन तोटीत थोडं थोडं सोडायचं, आलेलं पाणी टिपत राहायचं. ड्रायर एका जागी धरला तर आतलं प्लॅस्टिक वाकडं होतं, आणि ओल्या जागी विजेची वस्तू धरायला मला तरी धडकीच भरते. आणि सुरी, स्क्रूड्रायव्हर, असलं काही टोचून बर्फ फोडायला जाऊ नका. फ्रीझरच्या भिंतीच्या आत गारवा करणाऱ्या गॅसची नळी असू शकते, तिला भोक पडलं तर बर्फ राहिला बाजूला, फ्रीजच गेला.

तर बर्फ सुरू झाला. आणि थोड्याच दिवसांत खडे परत बारीक, मग पोकळ, मग बंद. बघितलं तर नळी परत गोठलेली. परत वितळवली, परत चालू, परत बंद. मेकॅनिकला फोन केला तर तो म्हणाला की काही मॉडेलमध्ये त्या नळीला छोटा हीटर लावता येतो, तो लावून देतो. लावलाही असता, पण माझ्या डोक्यात एकच प्रश्न घोळत राहिला, की ही नळी आधी इतकी वर्षं का नाही गोठली? फ्रीझर तेव्हाही उणे १८ च होता. नळी तीच, भिंत तीच. म्हणजे नळीत येणारं पाणी बदललंय.

पाणी जेव्हा जोरात येतं तेव्हा ते नळीत थांबतच नाही, सात-आठ सेकंदांत सटकन साच्यात जातं आणि मागे नळी रिकामी. गोठायला काही उरत नाही. पण थेंब थेंब येत असेल तर? एक थेंब तोटीपर्यंत येतो, टोकाशी रेंगाळतो, गोठतो. पुढचा त्याच्यावर. होता होता नळी बंद. म्हणजे दोनच शक्यता, एक तर भरतानाच पाणी इतकं मंद येतंय, नाहीतर भरून झाल्यावरही व्हॉल्व्ह नीट बंद होत नाहीये आणि तो झिरपतोय. किंवा दोन्ही. आमच्याकडे दोन्ही निघालं, पण ते कळायला बरीच खटपट झाली.

पहिल्यांदा सगळ्यांसारखा मीही व्हॉल्व्हवरच संशय घेतला. फ्रीज पुढे ओढला (दोघांनी, सावकाश, मागची नळी ताणली जाणार नाही असं), मागची नळी कुठे मुडपलीय का बघितलं. हे जरूर बघा, फ्रीज भिंतीला टेकवताना नळी दुमडते आणि कुणाला कळत नाही. आमची ठीक होती. प्लग काढून व्हॉल्व्हचं कनेक्शन सोडवलं, मल्टीमीटर लावला. या व्हॉल्व्हवर दोन कॉइल (करंट मिळाला की व्हॉल्व्ह उघडणारी तारेची वेटोळी) असतात, एक दारातल्या पाण्याची, एक बर्फाची, दोन्ही वेगवेगळ्या. किती ओहम यायला पाहिजे ते मॉडेलवर आणि घरातल्या व्होल्टेजवर ठरतं, आपल्या मॉडेलच्या कागदात बघावं, पण कॉइल तुटली असेल तर मीटर काहीच दाखवत नाही, सरळ ओपन. आमच्या दोन्ही कॉइल शाबूत होत्या. तशाही त्या असणारच, कारण नळी वितळवली की भरत होतंच ना.

इथे एक सांगायलाच पाहिजे. "दारातून पाणी येतंय ना, मग पाण्याचा काही प्रश्न नाही" हे वाक्य मला जवळपास प्रत्येकाने ऐकवलं. अर्धंच खरं आहे ते. एक तर दाराची कॉइल वेगळी आणि बर्फाची वेगळी, त्यामुळे दारातून पाणी आलं म्हणून बर्फाचा व्हॉल्व्ह उघडतोय हे सिद्ध होत नाही. आणि दुसरं म्हणजे दाराशी आपण ग्लास धरून उभे असतो, पाणी हळू आलं तर आपण जरा जास्त वेळ बटण दाबून धरतो आणि विसरून जातो. आइसमेकर जास्त वेळ दाबून धरत नाही. त्याचे सात-आठ सेकंद संपले की संपले.

म्हणून मग दाराशीच मोजायला घेतलं. मोजपात्र धरलं, घड्याळ लावलं, दहा सेकंदांत किती येतं ते लिहून ठेवलं. मग फ्रीजमधला पाण्याचा फिल्टर काढला आणि त्याच्या जागी बायपास प्लग, म्हणजे फिल्टरशिवाय पाणी सरळ पुढे जाऊ देणारं बूच, बसवला. हा प्लग बऱ्याच फ्रीजबरोबर येतो आणि लोक तो ड्रॉवरमध्ये टाकून विसरतात. काही मॉडेलमध्ये प्लग लागतच नाही, फिल्टर काढला की आपोआप बायपास होतं, आणि काहींमध्ये प्लगशिवाय पाणी सुटतच नाही, तेव्हा आपलं काय आहे ते आधी बघा. परत मोजलं. जवळजवळ दुप्पट पाणी. फिल्टर चोक झालेला. हे फिल्टर साधारण सहा महिन्यांनी बदलायचे असतात, आणि पाणी गढूळ असेल तर त्याच्याही आधी.

झालं, सापडलं, असं वाटलं. बारीक खड्यांचं कारण तर हेच होतं, सात-आठ सेकंदांत पुरेसं पाणीच पोचत नव्हतं. खडे जाड झाले. पण नळी परत गोठली. थोडी उशिरा, पण गोठलीच.

मग झिरपण्याकडे वळले. व्हॉल्व्हमधून बर्फाकडे जाणारी नळी व्हॉल्व्हपाशीच सोडवली, त्या तोंडाखाली टिश्यू पेपरची घडी ठेवली आणि आइसमेकरची तार वर करून ठेवली, म्हणजे तो पाणी मागणार नाही. आता व्हॉल्व्ह बंदच आहे, तेव्हा कागद कोरडा राहायला पाहिजे. दुपारभर कोरडा राहिला. रात्री जेवणं, भांडी, सगळं उरकल्यावर बघितलं तर कागद ओला! सकाळी नवीन कागद ठेवला, दुपारी परत कोरडा. हे काय गौडबंगाल? व्हॉल्व्ह खराब असेल तर तो दिवसरात्र झिरपेल, वेळ बघून कसा झिरपेल?

हा व्हॉल्व्ह बंद कसा होतो हे वाचलं तेव्हा लिंक लागली. आपल्याला वाटतं की आतली स्प्रिंग तो दाबून बंद करते. स्प्रिंग असते, पण ती फक्त एक बारीकसं भोक बंद करते. मुख्य रस्ता बंद करतो तो रबरी पडदा, आणि त्या पडद्याला घट्ट दाबून धरतं ते मागून येणारं पाणीच. म्हणजे पाण्याच्या प्रेशरवरच हा व्हॉल्व्ह बंद होतो! प्रेशर चांगलं असेल तर घट्ट, प्रेशर पडलं तर पडदा सैल आणि थेंब थेंब गळती. म्हणून बऱ्याच फ्रीजच्या माहितीपुस्तकात व्हॉल्व्हपाशी कमीत कमी २० पीएसआय प्रेशर पाहिजे असं छापलेलं असतं. मी ते आधी वाचलं तेव्हा मला वाटलं की पाणी भरायला पाहिजे म्हणून लिहिलंय. भरायला पाहिजेच, पण बंद व्हायलाही तेवढंच पाहिजे.

आणि आमचा फ्रीज जोडलेला होता आरओच्या लाइनवर.

सिंकखाली टाकीवाला आरओ आहे. आरओमधून पाणी फार हळू तयार होतं म्हणून ते एका बंद टाकीत साठवतात, त्या टाकीत रबरी फुगा असतो, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला हवा, ती हवा पाण्याला ढकलते. टाकी भरलेली असेल तेव्हा प्रेशर चांगलं. वापरत गेलो की प्रेशर उतरत जातं आणि टाकी रिकामी होत आली की पार तळाला. संध्याकाळी स्वयंपाकाला, प्यायला, बाटल्या भरायला, सगळं पाणी त्याच टाकीतून, म्हणजे रात्रीपर्यंत टाकी खाली आणि आइसमेकर मात्र रात्रभर आपला दीड-दोन तासांनी पाणी मागतोच आहे. कागद रात्रीच का ओला होतो याचं उत्तर हे.

खात्री करायला फ्रीजकडे जाणारी नळी मागून काढून बादलीत सोडली आणि कॉक उघडला. सकाळी टाकी भरलेली असताना चांगली धार. मग किचनच्या नळाने बरंचसं पाणी काढून घेतलं आणि परत बघितलं, करंगळीपेक्षा बारीक, लोंबणारी धार. भाच्याने व्हिडिओच काढला, दोन्ही शेजारी शेजारी लावले, म्हणाला "मावशी, हा तर वेगळाच नळ वाटतो."

पण मग टाकी तर पहिल्यापासून होती, आत्ताच काय झालं? तर टाकीतली हवा. या टाक्यांना खाली किंवा बाजूला गाडीच्या टायरला असतो तसाच हवेचा व्हॉल्व्ह असतो, निळ्या किंवा काळ्या टोपीखाली, वर्षानुवर्षं कुणी त्याला हात लावत नाही आणि हवा हळूहळू निघून जाते. हवा बघायची पद्धत अशी की आरओचं येणारं पाणी बंद करायचं, नळ उघडा ठेवून टाकी पूर्ण रिकामी करायची आणि मग टायरचा गेज लावायचा. रिकाम्या टाकीत साधारण ७ पीएसआय पाहिजे. भरलेल्या टाकीला गेज लावला तर तो पाण्याचं प्रेशर दाखवतो, त्याचा उपयोग नाही. आमच्या टाकीत गेजचा काटा धड हललाही नाही. तिरकी करून हलवली तर आत पाणी डुचमळतंय, म्हणजे पाणी आहे पण त्याला बाहेर ढकलायला हवाच नाही. टायरला हवा भरायच्या हातपंपाने थोडी थोडी हवा भरली, मधे मधे गेज लावत. कॉम्प्रेसर लावू नका हं, हवेचं प्रमाण इतकं कमी असतं की एका झटक्यात जास्त होते, आणि फुगा फाटला तर नवीन टाकी. हवेच्या व्हॉल्व्हमधूनच पाणी बाहेर आलं तर फुगा आधीच फाटलेला आहे, मग हवा भरून काही होणार नाही.

हवा भरली, आरओ चालू केला, टाकी भरायला दोन-तीन तास दिले. परत टिश्यू पेपर. रात्रीही कोरडा.

यावर अजून पक्के उपाय आहेत आणि त्यांचाही विचार झाला. एक म्हणजे फ्रीजची नळी आरओच्या आधीच्या मुख्य लाइनवरच घ्यायची, तिथे प्रेशर कायम असतं. पण मग फ्रीजचा स्वतःचा फिल्टर परत लावावा लागला असता, आणि तो मुख्यतः क्लोरीन आणि वास-चव यांच्यासाठी असतो, पाण्यात विरघळलेले क्षार त्याने फारसे जात नाहीत. पाणी जड असेल तर तेच क्षार पुढे व्हॉल्व्हच्या जाळीत आणि साच्यात बसतात, आणि बर्फही जास्त ढगाळ दिसतो. दुसरा उपाय म्हणजे टाकीनंतर छोटा प्रेशर पंप. मेकॅनिकला तो फार आवडला होता. मी दोन्ही ठेवले बाजूला, कारण हवा भरून आणि बायपास प्लगवरच आमचं भागतंय. पाणी आरओचं असल्यामुळे फ्रीजमध्ये परत फिल्टर लावायची तशीही गरज नव्हती, तो नुसता प्रेशर खात होता.

व्हॉल्व्ह बदलायचा का हा प्रश्न राहिला होता. मेकॅनिक म्हणाला, "एवढं सगळं केलंय तर हाही बदलून टाकूया." पण टाकी भरलेली असताना तो थेंबभरही गळत नव्हता, मग कशाला? त्याच्या तोंडाशी जी बारीक जाळी असते ती मात्र काढून धुतली, तिच्यात थोडी रेती होती. कधी कधी अशी रेती पुढे जाऊन पडद्याखाली बसते आणि मग प्रेशर कितीही असो, व्हॉल्व्ह गळतोच, तेव्हा बदलण्याशिवाय इलाज नाही. ओळखायची खूण तीच, टाकी भरलेली असतानाही कागद ओला.

सगळं परत जोडल्यावर दारातून दोन-चार लिटर पाणी वाहू दिलं, लाइनमध्ये हवा अडकलेली असते, सुरुवातीला नळ थुंकतो. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांचा बर्फ टाकून दिला. आणि लगेच बादलीशी जाऊन बसू नका, सगळं गरम झालेलं असतं, चोवीस तास तरी द्या. भाचा दर तासाला दार उघडून बघत होता, त्यामुळे आमचे चोवीस तास जरा लांबलेच.

आता खडे परत पूर्वीसारखे जाड पडतात. पाहुणे असले आणि दिवसभर बाटल्या भरणं चालू असलं की टाकी अजूनही तळाला जाते, त्या रात्री मी आइसमेकरची तार वर करून ठेवते आणि सकाळी टाकी भरली की खाली करते. घरात बाकी कुणाला हे लक्षात राहत नाही म्हणून फ्रीझरच्या दाराच्या आत चिठ्ठी चिकटवली होती, ती गारव्याने सुटून बादलीत पडली, आता बाहेरून लावलीय. टाकीची हवा मात्र सहा महिन्यांनी बघायची असं ठरवलंय, आरओचे फिल्टर बदलायला माणूस येतो तेव्हाच, कारण तेव्हा टाकी तशीही रिकामी करावी लागते.